श्रीरंगभावजींचे चिनी बूट

माझे धाकटे दीर श्रीरंग आठ दिवस चीनला राहून आले, आणि तेव्हापासून आम्हाला चीन समजावून सांगतायत.

त्याआधी ते औरंगपुऱ्याच्या गल्लीत बुटांचं दुकान चालवणारे साधे, जरा आळशी गृहस्थ होते. कारकुनाच्या घरातला मुलगा गिऱ्हाइकाच्या पायाशी बसतो, म्हणून माझे सासरे तात्यासाहेब नाराज असत. मला ते कधी पटलं नाही. पायाशी बसण्यात कसला कमीपणा? कमीपणा होता तो आठ नंबरच्या पायात सात नंबर कोंबून "वापरून सैल होतंय, साहेब" म्हणण्यात.

चीनहून आल्यावर भावजींना ती गल्ली पुरेना. बीड बायपासला तेव्हा रोज नवी इमारत उठत होती, आणि तात्यासाहेबांचा प्लॉट नेमका तिथंच. त्यावर चिनी स्नीकर्सची शोरूम काढायची, हा एकच ध्यास. अडलं होतं ते तात्यासाहेबांच्या सहीपाशी.

"वहिनी, कापडाच्या तळव्याला हातानं टाके घालणारी माणसं ही. आज साऱ्या जगाच्या पायात त्यांचा माल आहे!"

"आणि तुमच्या?"

"ओरिजनल!" म्हणत त्यांनी पाय पुढं केला. पांढरेशुभ्र स्नीकर्स.

ते दोन हजार सोळा साल. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. भाजी धुतलेलं पाणी मी तुळशीला घालत होते, आणि भावजी जुन्या ब्रशला टूथपेस्ट लावून ते बूट पिण्याच्या पाण्यानं धूत होते. बोअरच्या पाण्यानं पिवळे पडतात म्हणे. माणूस ओळखायला मला तेवढं मगभर पाणी पुरलं.

त्याच उन्हाळ्यात तात्यासाहेबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. औक्षणाच्या दिवशीच सही घ्यायची असं भावजींनी ठरवलं आणि चीनहून आणलेली खास भेट बाहेर काढली. निळ्या रेशमाचे मऊ बूट. तळव्यावर लाल धाग्यानं भरलेलं कमळ, खाली एक शिडी.

"कमळ म्हणजे लक्ष्मी, शिडी म्हणजे प्रगती," भावजी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांसाठीच असतात. तिथल्या दुकानदारानं मला खुणेनं सांगितलं."

"पाटावर बूट घालून बसवणार?"

"चामडं कुठंय त्यात? कापड आहे, वहिनी. सोवळ्यात चालतं."

वरच्या मजल्यावरचे आमचे भाडेकरू मिस्टर ल्यू यांनाही आमंत्रण दिलं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला सज्जन चिनी माणूस. शोरूमच्या बाजूनं खुद्द चीन साक्षीला हवा ना!

तात्यासाहेबांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते पाटावर पाय लांब करून बसले. तळवे दाराकडं. गळ्यात झेंडूचा हार, समोर परातीत पंच्याहत्तर दिवे. "तात्या, डोळे मिटा, फोटोत तेज दिसतं," भावजींची सूचना.

ल्यू दारात आले. हातातली फळांची पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला. मग माझ्याजवळ येऊन हळूच इंग्रजीत विचारलं, "आजोबा कधी गेले?"

तेवढ्यात तात्यासाहेब शिंकले. ल्यू दोन पावलं मागं सरले, मग लाजून लाल झाले, आणि बुटांकडं बोट दाखवून मला सगळं सांगितलं.

"काय म्हणतोय पाहुणा?" तात्यासाहेबांनी डोळे उघडले.

"शुभेच्छा देतोय, तात्या!" भावजी घाईनं म्हणाले.

बी.ए.ला माझं इंग्रजी होतं. "तात्यासाहेब, ते म्हणतात, असे बूट त्यांच्याकडं मेलेल्या माणसाला घालतात. शिडी आहे ती वर चढून जायला."

"ते तिकडं खेड्यापाड्यात असंल..." भावजी पुटपुटले. ल्यूंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी खेदानं मान हलवली.

तात्यासाहेबांनी एक बूट काढला, शिडीवरून अंगठा फिरवला. "काम लई झाक हाय रे. सही पायजे व्हय तुला?"

"तसं नाय, तात्या..."

"मग हे नीट जपून ठेव. माझ्या पायात दुसऱ्यांदा घालशील, त्या दिवशी प्लॉटचं बघ. तवर बस औरंगपुऱ्यात."

दोन्ही बूट काढलेल्या तात्यासाहेबांना मी ओवाळलं. ल्यू दोनदा श्रीखंड मागून जेवले.

विकायला आणलेल्या तसल्याच बुटांचे दोन खोके दुकानात पडून होते. मला वाटलं, आता तरी फेकतील. पुढच्या आठवड्यात गेले, तर भावजी बायपासच्या नव्या फ्लॅटातल्या एका जोडप्यासमोर बसले होते. "कमळ म्हणजे लक्ष्मी, शिडी म्हणजे प्रगती. वास्तुशांतीला घाला, साहेब."

"भावजी, तात्यासाहेबांचं सांगितलं का यांना?" मी दारातूनच विचारलं. जोडपं माझ्याकडं बघायला लागलं. मीच मग सांगितलं, सावकाश, सगळं.

तात्यासाहेब आज चौऱ्याऐंशीचे आहेत. भावजी रोज सकाळी न चुकता त्यांची तब्येत विचारतात. तात्यासाहेब पांघरुणातून दोन्ही पाय बाहेर काढून दाखवतात, अनवाणी.