पंखा बंद पडला तेव्हा

लेक मला तिची प्रयोगशाळा दाखवत होती. पाण्यातल्या निकेलच्या जाळीवर तिने नवा लेप दिला होता. त्यामुळे कमी विजेत पाण्यातून हायड्रोजन निघतो, म्हणाली. जाळीवरून उठणारे बारीक बुडबुडे मी बघत राहिले. एवढ्यात हवा बाहेर ओढणारा पंखा बंद पडला.

“आई, कशालाही हात लावू नकोस. बाहेर चल.”

या वायूला वास नाही, रंग नाही; खोलीत साठला तरी कळत नाही. ज्या पाण्याने आपण आग विझवतो, त्यातच हा भडकणारा वायू असतो. बाहेर येताच तिने मेन स्विच पाडला. काचेतून पाहिलं, बुडबुडे थांबले होते.

“असं पूर्वी झालंय?”

“एकदा. सांगितलं असतं, तर मला इथे येऊ दिलं असतंस?”