नीरोची खोबण

दत्तोपंत गेल्याचं कळलं तेव्हा मी भोरच्या बाजारात न्हाव्यापुढे बसलो होतो, दाढी निम्मी झालेली. तसाच उठलो आणि त्यांच्या घराकडे निघालो. वाटेत ध्यानात आलं, एका गालावर अजून साबण आहे. दत्तोपंत असते तर म्हणाले असते, "असू द्या हो, नाण्यावर एकच गाल लागतो!" आणि भर रस्त्यात, डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. महिना होऊन गेला, अजून फुटतं...

शाळेत ते ड्रॉइंग शिकवत, मी इतिहास. त्यांना नाद एकच, जुन्या रोमन नाण्यांचा. त्यासाठी विडी सोडली, नवा कोट सोडला. नाणी ठेवायला सागवानी पेटी करून घेतली होती, आत लाल मखमल आणि बारा खोबणी. म्हणजे बाराच बादशहा बसणार! कुणाला घ्यायचं यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. मुलीसाठी स्थळ बघावं तसे ते बादशहा बघत. ट्रेजन आला, हेड्रियन आला, मार्कस ऑरेलियस तर बिनविरोध. अकरा झाले आणि घोडं अडलं. मी नीरोचं नाव काढलं की ते भडकत. "सख्ख्या आईला मारवलं त्यानं! माझ्या घरात नको." मी म्हणे, "अहो, ही पेटी आहे, देव्हारा नव्हे! वाईट माणसं वगळली तर माझा इतिहास दोन पानांत संपेल." एकदा यावरून चांगला आठवडाभर अबोला झाला. मग मधल्या सुट्टीत स्वतःच येऊन म्हणाले, "पटलं बुवा. नीरो हवा."

झालं! आता नीरोवाचून त्यांना घास गोड लागेना. पुण्याचे सराफ पालथे घातले, कुठं मिळाला नाही. शेवटी कागदावर त्याचं चित्र काढलं, जाड मान, कुरळे केस, आणि जाईल तिथे दाखवत सुटले. मी पोटभर चेष्टा केली. पण वेल्ह्याच्या बाजारात एका धनगरानं ते बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तर आमचा थोरला! देव्हाऱ्यात हाय की!"

त्याच्यामागून तोरण्याखालच्या त्याच्या वस्तीवर चढलो तेव्हा माझा जीव घशाशी आला होता, दत्तोपंत मात्र पोरासारखे पुढे. पूर्वजांच्या नावानं देव्हाऱ्यात चांदीचे टाक पुजतात, त्या टाकांतच हे नाणं बसलेलं, हळदीनं माखलेलं. धनगराच्या म्हाताऱ्या आईनं ते दत्तोपंतांच्या तळहातावर ठेवलं. अंगठ्यानं हळद जराशी सारून त्यांनी बघितलं. नीरोच होता!

धनगर म्हणाला, "मास्तर, एवढं लांबनं आलायसा. पायजे आसंल तर न्या. आय न्हाई म्हनायची न्हाई."

म्हातारी खरंच नाही म्हणाली नाही. एवढंच बोलली, "सासूनं माज्या हातात दिल्याला मूळपुरुष हाय ह्यो. रोज न्हाऊ घालते त्येला. तुमी शिकल्यालं, सांगा की, चांगला हुता न्हवं?"

मी तोंड उघडलं. इतिहासाचा मास्तर पडलो ना! तेवढ्यात दत्तोपंतांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगली कळ येईपर्यंत.

"लई चांगला, आजी," ते म्हणाले. "आईवर फार जीव त्याचा."

"मग आमचाच!" म्हातारी हसली. दत्तोपंतांनी नाणं स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यात ठेवलं आणि नमस्कार केला. मलाही करायला लावला.

उतरताना मी तोफखाना सोडला. "हातात आलेला नीरो! आणि वर धडधडीत खोटं!" ते शांतपणे म्हणाले, "रोज एक आई त्याला न्हाऊ घालतेय हो. सुधारतोय बिचारा, सुधारू द्या."

पुढे त्यांनी नीरो शोधला नाही, बाराव्या जागी दुसरा कुणी बसवलाही नाही. वहिनींनी परवा ती पेटी माझ्याकडे आणून दिली. "भांडायला तुम्हीच होता, तुम्हीच सांभाळा," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडलो. अकरा बादशहा जागच्या जागी आहेत. बाराव्या खोबणीत मखमल पिवळी झालीय. आम्ही वस्तीवरून निघताना म्हातारीनं हातावर घातलेली हळद दत्तोपंतांनी तिथे ठेवलेली.

ती पेटीच आहे, देव्हारा नव्हे, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. फक्त उघडायच्या आधी मी चपला काढतो.