भरल्या टाकीची चोरी

बसा, चहा येतोय. तोवर माझ्या फजितीचा एक किस्सा ऐका. तो सांगायला पूर्वी लाज वाटायची. पण ज्यांच्यासमोर लाजायचं, त्यातलं आता कुणी उरलं नाही. शिवाय मी बोलतो सावकाश, तेव्हा चहा निवू देऊ नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होतो. शिक्षण चौथीपर्यंत, हात कोपरापर्यंत कायम निळे. एका कंत्राटदाराकडून मी जुनी फटफटी घेतली आणि त्यानंतर सहा महिन्यांतच पेट्रोल एकाएकी महाग झालं. जणू माझीच वाट बघत होतं.

लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या. मी ठेवली नाही. मी पेट्रोल वाचवायला शिकलो. आणि शिकलो म्हणजे काय, वेडच लागलं म्हणा ना.

चाकात हवा दगडासारखी टणक. ब्रेक शक्यतो लावायचा नाही, कारण थांबलेली गाडी पुन्हा पळवायला पेट्रोल जास्त लागतं. समोरून वारा असला की टाकीवर पोट टेकून आडवं व्हायचं. उतार आला की इंजिन बंद. नुसतं इंजिन नाही, टाकीखालची तोटीसुद्धा बंद. कारण बंद इंजिनात पेट्रोल थेंब थेंब झिरपून वाया जातं, असा माझा पक्का समज. मिस्त्रीकडून मी साधी पितळी तोटी मुद्दाम बसवून घेतली होती. उघडी नाहीतर बंद. रिझर्व्ह वगैरे काही नाही. रिझर्व्ह असलं की माणूस निष्काळजी होतो, असं मीच लोकांना सांगायचो.

कारखान्यात मला 'लिटरमास्तर' म्हणायचे. चौथी शिकलेल्या माणसाला मास्तर म्हणतात म्हटल्यावर मी काय जमिनीवर राहतो?

त्याच सुमारास आमच्या खात्यातल्या एकाच्या गाडीतलं पेट्रोल कुणीतरी नळी घालून चोरलं. मी लगेच टाकीच्या झाकणाला कडी बसवली आणि कुलूप लावलं. कुलूप असं की पत्र्याच्या पेटीची कुठलीही किल्ली त्याला चालावी. पण कुलूप ते कुलूप.

आता मुख्य गोष्ट. माझी बायको शारदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मंगळवेढ्याला गेली होती. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, दुपारी बाराला. आणि बारशाला आत्या लागते. नाव कानात आत्यानंच सांगायचं, त्याशिवाय पाळणा हलत नाही. मला बहीण एकच, थोरली. अक्का. ती सोलापुरात माझ्याच गल्लीत राहायची. तिला वेळेवर पोचवायचं, एवढंच माझं काम.

"एस्टीनं जाऊ की रं," अक्का म्हणाली.

"गाडी असताना एस्टी कशाला? कालच टाकी गळ्यापर्यंत भरलीय. जाऊन येऊ, वर आठवडाभर पुरंल."

"मला त्या फटफटीची भीती वाटती, दत्तू."

"हळू चालवतो."

"त्याचीच भीती वाटती. कवा पोचायचं?"

अक्का अंगानं भरलेली. वर तिच्या मांडीवर मोठी पिशवी. पिशवीत डिंकाचे लाडू, टोपडं, दुपटं आणि बाळाचे चांदीचे वाळे. मी पिशवी उचलून वजन पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लाडू एवढे कशाला? वजन किती होतं."

"उतरू का मी?" अक्का म्हणाली. "लाडू घिऊन जा तू. बाळाला नाव लाडू सांगतील."

निघालो. माघाचे दिवस. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. सकाळचं ऊन छान. पण मला कुठलं ऊन आणि कुठली ज्वारी? माझं लक्ष उतारांवर. उतार आला की इंजिन बंद, तोटी बंद. उतार संपला की तोटी चालू, इंजिन चालू. चढ आला की मी म्हणायचो, "अक्का, जरा उतरतीस का?"

पहिल्या चढाला ती उतरली. दुसऱ्याला उतरली. तिसऱ्याला म्हणाली, "दत्तू, मी हितनं चालतच जाते मंगळवेढ्याला. तू ये मागनं सावकाश."

कामतीच्या अलीकडं एक लांब उतार लागला. मी इंजिन बंद केलं, तोटी बंद केली. गाडी आवाज न करता अशी घरंगळत निघाली, की मला वाटलं हेच सुख. उताराच्या शेवटी एक चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर दोन बाकडी.

"थांब हितं," अक्का म्हणाली. "चढून चढून पाय गेलं माझं. चहा पाज."

थांबलो. हॉटेलवाले तात्या चांगले साठीचे. पांढऱ्या मिशा, शांत माणूस. बाकड्यावर एस्टीची वाट बघणारे तिघं जण होते. त्यांनी माझ्या टाकीवरच्या कुलपाकडं पाहिलं.

"पाव्हणं, आत काय सोनं हाय का?" एकानं विचारलं.

मग काय, मी त्यांना पेट्रोल कसं वाचवायचं ते सांगितलं. सगळं. चहा संपेपर्यंत. तिकडं अक्का तात्यांना लेकीच्या बारशाचं सांगत होती. मी मुळात कमी बोलणारा, पण ह्या विषयावर माझी जीभ सुटायची. तात्या मध्येच आत गेले, परत आले. हे लक्षात ठेवा.

साडेदहा झाले. आम्ही निघालो. किक मारली, गाडी चालू झाली. दोन शेतं गेली आणि गाडीनं आचका दिला. आणखी एक. मग गप्प.

तुमच्या लक्षात आलंच असेल. तोटी बंदच होती. नळीत आणि खाली कार्ब्युरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी तेवढी आली आणि बसली. उतार संपला की तोटी उघडायची, हा माझा नेम. पण ह्या वेळी उतार संपला तिथं चहा आला आणि नेम चुकला.

पण मला हे सुचलं का? नाही. माझ्या डोक्यात आधीच चोर शिरून बसला होता. गाडी पेट्रोलशिवाय बंद पडलीय हे आवाजावरून कळत होतं. टाकी काल भरली होती. म्हणजे पेट्रोल गेलं. आणि गाडीवरची माझी नजर हटली कुठं? तर हॉटेलाबाहेर.

किल्ली काढायला खिशात हात घातला. किल्ली नव्हती. बारशाचा नवा सदरा घातला होता, किल्ली जुन्या सदऱ्यात राहिली होती. मग गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आत डुबुक असा आवाजसुद्धा नाही.

"बघ, ठणठणीत कोरडी," मी म्हणालो.

अक्कानं बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक केलं. कान लावला. "भरलीय की रं. भरली घागर अशीच वाजती. रिकामी असती तर घुमली असती."

"अक्का, तुला गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाय कळत. घागरीतलं कळतंय."

मी ऐकलं नाही. गाडी वळवली आणि ढकलत हॉटेलाकडं निघालो. मागून अक्का, डोक्यावर लाडवांची पिशवी. ऊन चढलेलं. अकरा वाजत आलेले. तिकडं पाळणा सजला असेल, शारदा दाराकडं बघत असेल. आणि पाळण्यातलं माणूस बारा दिवसांचं झालं तरी बापानं अजून बघितलेलं नव्हतं. ह्या विचारानं माझं डोकं जास्तच तापलं.

हॉटेलासमोर गाडी उभी केली आणि मी बोललो. आयुष्यात एकदाच मी चारचौघांत मोठ्यानं बोललो असेन.

"तात्या, माझं पेट्रोल काढलंत तुम्ही. वयाला शोभतं का हे?"

तात्यांनी हातातली किटली खाली ठेवली. "कुणी, मी?"

"मधेच उठून आत गेला होता तुम्ही."

"साखर आणाय गेलतो, पाव्हणं."

"दत्तू, गप," अक्का मागून म्हणाली.

"मी गप बसणार नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली होती. आता थेंब नाही."

बाकड्यावरचे तिघं उठून उभे राहिले. तात्या मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "मग उघडून दावा की."

"किल्ली घरी राहिली."

"थांबा." ते आत गेले आणि सुतळीला बांधलेली एक गंजकी किल्ली घेऊन आले. "माझ्या पेटीची हाय. लावून बघू. लागली तर लागली."

त्यांनी किल्ली घातली, फिरवली. कुलूप खट्‌कन उघडलं.

आणि मी काय केलं असेल? मी त्या तिघांकडं वळलो, हात वर केला आणि म्हणालो, "बघा. बघा लोकहो. ह्यांच्याच किल्लीनं उघडलं. अजून काय पुरावा पाहिजे?"

तिघंही तात्यांकडं बघायला लागले. एक जण तर दोन पावलं मागं सरला. तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. बिचाऱ्यांनी मदत करायला किल्ली आणली आणि स्वतःच चोर ठरले.

तेवढ्यात अक्कानं पुढं होऊन झाकण काढलं. आत वाकून बघितलं. मग माझी मान धरून मला वाकवलं.

टाकी जवळजवळ काठोकाठ. पेट्रोलात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. डुबुक आवाज यायला टाकीत जागाच नव्हती. इतक्या काटकसरीनं मी गाडी चालवली होती, की पेट्रोल संपायलाच तयार नव्हतं.

तात्या उकिडवे बसले, टाकीखाली बोट घातलं आणि विचारलं, "ही तोटी बंद कुणी केली, पाव्हणं?"

"मी," मी म्हणालो.

"कवा?"

"उतारावर."

"उघडायला कोण येणार हुतं?"

बाकड्यावरचे तिघं असे हसले, की रस्त्यानं चाललेली शेरडं बुजली. मी हात जोडले. पाया पडायला वाकलो, तर तात्यांनी वरच्या वर धरलं.

"चोर म्हणालात त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "चहा वाईट हाय म्हणाला असता, तर मातर सोडलं नसतं. जावा आता, लेक वाट बघती."

मग त्यांनी कागदात गुळाचा खडा बांधून अक्काच्या हातात दिला. बाळंतिणीच्या घरी रिकामं जाऊ नये म्हणून. अक्काच्या डोक्यावर पिशवीभर लाडू दिसत होते, तरी दिला.

त्यानंतर मंगळवेढ्यापर्यंत मी एकाही उतारावर इंजिन बंद केलं नाही आणि एकाही चढावर अक्काला उतरवलं नाही. तरी पोचायला साडेबारा झाले. मांडवात सगळे ताटकळलेले. शारदानं माझ्याकडं बघितलं, मग अक्काकडं. अक्कानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चढांपासून तोटीपर्यंत, काही राखलं नाही.

मग आत्या पाळण्याशी बसली. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि मागून बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. बायका हात उगारून तयार. तेवढ्यात अक्कानं मान वळवली.

"माझ्या पाठीत न्हाय गं बायांनो. मी तीन चढ चालून आलेय. धपाटे त्याला घाला."

आणि खरंच घातले हो. मेहुण्या पाच. सासूबाई तोंडाला पदर लावून बाजूला वळल्या. शारदा खाटेवरून हळूच म्हणाली, "माझ्या वाटचा बी एक घाला गं." अशा गडबडीत माझ्या लेकीचं नाव मंदा ठरलं. ते तिच्या कानात पडलं तेव्हा मी पाठ चोळत होतो.

आता अक्का नाही. शारदाही नाही. फटफटी भंगारात गेली, त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. मला वाटायचं, त्या गाडीबरोबर माझी ती खोडही गेली.

गेल्या महिन्यात मंदा माझ्याकडं राहायला आली होती. सकाळी गॅस पेटेना. मी म्हणालो, संपला. ती म्हणाली, बाबा, परवाच तर लावलाय. मी म्हणालो, मग अर्धाच भरून दिला असेल, ही माणसं अशीच. सिलिंडर आणणारा नेमका गल्लीत होता. त्याला बोलावून चार शब्द सुनावले. त्यानं निमूट सिलिंडर उचलून पाहिला, खाली ठेवला आणि वरच्या बटणाला हात लावला.

"आजोबा, भरलेला हाय की. रात्री बटण कुणी बंद केलं?"

मंदा मागंच उभी होती. तिनं हात उचलला आणि माझ्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला.

"हा आत्याच्या वाटचा," म्हणाली.