आबांच्या जीपचा बंपर

सगळ्यात आधी माझं ऐकून घ्या — भूत, करणी, बाहेरचं, यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. माझं माहेर तलासरीचं. अहमदाबाद हायवेला लागून पप्पांचं ट्रकचं गॅरेज. दर शनिवारी गाड्यांना बांधायला लिंबू-मिरची ओवायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. आणि मीच ओवलेली लिंबं लटकवून गेलेले ट्रक पुढून चेपून परत आमच्याकडेच यायचे! तेव्हा जो विश्वास उडाला तो उडालाच. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण खोटं कशाला बोलू, निम्म्या वेळा हसू येतं... पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्या. माझ्या अनुभवात यातलं काही नाही. अमावास्या होती की नव्हती तेही मी बघितलं नाही. रविवार होता आणि दुपारी ओल्या बोंबलाचं कालवण होतं, एवढं पक्कं आठवतं.

मी राहते धाकटी डहाणूला. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या जिथे संपतात, तिथे आमचं घर. घराला लागून पत्र्याची शेड. पूर्वी त्यात जाळी ठेवायचे, आता आम्ही तिला गॅरेज म्हणतो. तिच्यात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची जीप. मिलिटरीच्या लिलावातली, फोर व्हील, हिरवी. तरुणपणी आबा बोटीवर जायचे. नंतर ही जीप घेतली आणि सासूबाईंना अन् आळीतल्या बाकी बायकांना सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला नेऊ लागले. किनाऱ्यावर कोणाची होडी ओढायची असली, रेतीत टेम्पो रुतला, की आबांना हाक जायची. आबा फोर व्हील टाकणार आणि जीप कण्हत कुंथत सगळं बाहेर काढणार.

माझं लग्नही त्या जीपनेच जमवलं म्हणा ना! तलासरीत बंद पडली की ती पप्पांच्या गॅरेजला यायची. एकदा पप्पा नव्हते, तर मीच कार्बोरेटर उघडून साफ करून दिला. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते. पुढच्या बाजाराला मुलालाच सोबत घेऊन आले आणि पप्पांना म्हणाले, "ही पोरगी आमच्या घरात पाहिजे. जीप आणि पोरगा, दोन्ही सांभाळेल." पोरगा म्हणजे जयेश, माझा नवरा. तहसील कचेरीत क्लार्क आहे. कागद दाखवल्याशिवाय त्याला काही पटत नाही, आणि पाना कुठल्या बाजूने धरायचा ते आजही त्याला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. जीपचा सेल्फ स्टार्टर कधीचाच जळालेला, आबांनी तो परत बसवलाच नाही. हँडल मारून चालू करायचे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते — वाकडा लोखंडी दांडा असतो, तो बंपरच्या भोकातून आत घालायचा आणि जोर लावून फिरवायचा, मग इंजिन फिरतं आणि पकडतं. त्याला माणसं दोन लागतात. पुढे हँडलवर आबा. आत ड्रायव्हरच्या सीटवर आई — मी सासूबाईंना आईच म्हणते — एका हाताने चोक धरून, पाय अॅक्सिलेटरवर ठेवून. आईंनी जन्मात कधी गाडी चालवली नाही, पण चालू करावी तर त्यांनीच. दोघांची खूण ठरलेली. हँडल घालायच्या आधी आबा ते बंपरवर दोनदा ठोकायचे. टण्, टण्. म्हणजे मी तयार. की आतून आई चोक ओढायच्या. इंजिनाने पकडलं की आई सरकून बाजूच्या सीटवर जायच्या आणि ओरडायच्या, "आता या आत, किती वेळ उभे राहाल!" एवढी वर्षं हेच. भांडून दोघांचं बोलणं बंद असलं — आणि ते बऱ्याचदा असायचं — तरी टण् टण् चालूच. त्याच जागी ठोकून ठोकून बंपरला दोन खळगे पडले होते, बोटाचं टोक बसेल एवढे.

आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आबा म्हणायचे, "दिवाळी होऊ दे. जीप परत रस्त्यावर काढतो आणि तुला जीपनेच नेतो ऑपरेशनला. माझी बायको रिक्षात धक्के खात जाणार नाय." जसं काय जीपमध्ये गाद्या घातल्यात! पण आबांचा शब्द तो शब्द. आणि दिवाळीच्या आधीच आबा गेले. सकाळी चहा पिता पिता गेले, कप तसाच हातात.

त्यानंतर आई ऑपरेशनला तयारच होईनात. "ते बोललेत ना जीपने नेतो. जीपनेच जाईन." जीप तर केव्हाची गंजत पडलेली. जयेशने समजावलं, हातापाया पडला, शेवटी ओरडला. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता थांबलात तर डोळ्यातलं प्रेशर वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर यायची नाही. पण ऐकतील तर शपथ. एकदा मी भाकऱ्या थापत होते, आई बाजूला पाटावर बसलेल्या. हळूच म्हणाल्या, "डोळे करून आता बघू कोणाला गो मी?" जीपचं नुसतं निमित्त होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. म्हटलं ठीक आहे, निमित्त तर निमित्त. जीप मी करते, मग बघते कशा येत नाहीत.

पूर्ण हिवाळा त्यात गेला. खालचा पत्रा हाताने दाबला की पापडासारखा मोडत होता. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. इंजिन उतरवून टेम्पोने तलासरीला पाठवलं, पप्पांनी पिस्टनच्या नवीन रिंगा टाकून दिल्या. बाकी ब्रेक, वायरिंग, पत्रा सगळं मी. जयेश बल्ब धरून उभा राहायचा आणि तोही नको तिथे धरायचा. शेडमध्ये सुकटीचा वास, त्यात पेट्रोलचा वास... मला मात्र मजा येत होती. आबांचा हात फिरलेली एकेक वस्तू हातात येत होती, कधी हसायला यायचं, कधी रडायला.

रंगाचं काम शेवटी. आणि तिथे मी अतिशहाणपणा केला. बंपर खरवडला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, हिरवा रंग दिला... असा गुळगुळीत की तोंड दिसावं! कौतुकाने आईंना हात धरून आणलं. "बघा हात लावून." आईंची बोटं बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. परत गेली.

"हितं होतं ते कुठंय?"

"काय होतं आई?"

"त्यांचं ठोकलेलं."

बुजवताना ते खळगे मला दिसले होते हो, पण गॅरेजवाल्याच्या पोरीला खड्डा दिसला की तो भरायचा एवढंच कळतं. आईंनी हात काढून घेतला. "ही जीप आमची नाय. कोणाची तरी दुसरी आणलीस तू." आणि आत निघून गेल्या. धड जेवेनात, बोलेनात. डॉक्टरांनी दिलेली तारीख तोंडावर आलेली, ती रद्द करून टाक म्हणाल्या. शेडमध्ये जाऊन मी रडले आणि जीपच्या बॉनेटवर हात आपटून म्हटलं, "आबा, चुकलं माझं. पण आता तुमच्या बायकोला तुम्हीच समजवा. माझ्याच्याने होत नाही." प्रार्थना-बिर्थना नव्हती ती, वैतागून बोलले.

आला तो रविवार. हँडलची पिन झिजली होती म्हणून ते वेल्डिंगला पप्पांकडे तलासरीला गेलेलं. हे नीट लक्षात ठेवा. सेल्फ नाही आणि हँडल घरात नाही, म्हणजे ते इंजिन फिरवेल अशी एकही वस्तू आमच्याकडे नव्हती. इंजिन बसवल्यापासून ते एकदाही चालू झालेलं नव्हतं. टाकीत थोडं पेट्रोल घातलं होतं. बॅटरी जोडून, चावी ऑन करून मी फक्त करंट येतो का ते बघत होते. गाडी न्यूट्रलला. तेवढ्यात भिंत चाचपत आई आल्या.

"बसू दे मला आत."

"राग गेला का?"

"तुझ्यावर रागवून जाऊ कुठे? बसव."

बसवलं. त्यांचा पाय आपोआप अॅक्सिलेटरवर गेला. चावी बंद करायची राहिली आणि मी मागच्या चाकाचे नट आवळायला गेले. जीपचं तोंड दाराकडे होतं. जयेश चहाचा ट्रे घेऊन दारात आला, म्हणजे बरोबर जीपच्या समोर.

टण्. टण्.

मला वाटलं जयेशच. मी मागूनच ओरडले, "अरे रंग उडेल, ठोकतोस काय!" आणि त्याच वेळी चोकची तार ओढल्याचा आवाज आला. आईंनी चोक ओढला होता. इंजिनाने एक घरघर केली, अडखळलं, आणि पकडलं की हो! शेडचे पत्रे थरथरायला लागले. मी पाना टाकून पुढे धावले. जयेशच्या हातातला ट्रे खाली, पायांवर चहा सांडलेला, आणि तो रेडिएटरकडे नुसता बघतोय. त्याच्या आणि बंपरच्या मध्ये कोणी नव्हतं. मोकळी जमीन.

आणि आई! त्यांना तर काही विशेष झालंय असं वाटतच नव्हतं. हळूहळू चोक आत सारला, पाय उचलला, इंजिन एका लयीत चालू राहिलं. मग सरकून बाजूच्या सीटवर गेल्या, पदर सारखा केला आणि बाहेर तोंड करून ओरडल्या, "आता या आत, किती वेळ उभे राहाल!"

ड्रायव्हरची सीट रिकामी. मी आणि जयेश पुतळ्यासारखे उभे. मला भीती अजिबात वाटली नाही, खरंच सांगते. मला नुसतं रडू येत होतं, आणि बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने आईंनीच मला हाक मारली. "हेमा, बंद कर आता, पेट्रोल जाळू नको. डॉक्टरने तारीख काय दिलीय?" मी सांगितली. "जाऊ मग," म्हणाल्या. उतरून सरळ बंपरपाशी आल्या आणि न चाचपता दोन बोटं ठेवली. तिथली पुट्टी उडाली होती. बरोबर दोन जागी, खालचे खळगे उघडे. जमिनीवर हिरव्या रंगाच्या दोन खपल्या पडलेल्या. "हां," आई म्हणाल्या. "हे परत बुजवू नको."

संध्याकाळी पप्पांना फोन केला. त्यांचं अर्धं बोलणं गुजराती. म्हणाले, "जो दीकरी, बघ, गरम इंजिन असेल तर कधी कधी नुसत्या चावीवर पकडतं. सिलिंडरमध्ये गॅस राहिलेला असतो."

"पप्पा, पण हे तर थंडगार होतं. कधी चालूच झालं नव्हतं."

तिकडून लोखंड सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हँडल तर माझ्या समोर पडलंय, टेबलावर."

"मग?"

"मग काय... ऑइल चेक कर."

जयेशने शेडच्या आजूबाजूला सगळीकडे शोधलं. वर नारळाचं झाड नाही, बाहेर कोणी पोरंसोरं नव्हती. अजून तो बंपरचं ते हँडलचं भोक वाकून बघतो आणि मगच कामावर जातो. मी एकदा विचारलं, तू नक्की काय पाहिलंस? म्हणाला, "पंखा फिरायला लागलेला पाहिला. त्याच्या पुढचं मला विचारू नकोस."

ऑपरेशनच्या दिवशी हँडल मी मारलं. आई आत बसलेल्या. मी हँडल घातलं, जोर लावणार, तर चोक ओढल्याचा आवाजच नाही. "आई, ओढा की!" आतून उत्तर आलं, "आधी ठोक." मग मी त्या दोन खळग्यांवर हँडल ठोकलं, दोनदा, आणि दुसऱ्या फेरीला इंजिनाने पकडलं. गावातून जाताना बायका ओट्यावर येऊन बघत होत्या. आईंनी एकीलाही हात करायचं सोडलं नाही, दिसत कोणी नसतानासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. सकाळी जीपचा प्लग बघून तशीच गेलेले. आईंनी डोळा मिचकावला, पाणी आलं, पुसलं, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बघतच राहिल्या. मला वाटलं आता आबांची आठवण काढून रडतील.

"किती वाळलीस गो," म्हणाल्या. "आणि गालाला काय हे काळं? ग्रीस लावून आलीस डॉक्टरकडे?" आणि पदराने माझा गाल पुसायला लागल्या.

हे कसं झालं ते मला माहीत नाही. इथे कोणी मेकॅनिक असेल आणि थंड इंजिनाचं काही समजावून सांगू शकत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. पण ते दोन टण् कोणाचे, ते मात्र मला विचारायचं नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं, तेही जीपनेच. खाऱ्या हवेने त्या दोन खळग्यांना गंज धरतो, म्हणून दर रविवारी आई तिथे बोटाने तेल लावतात. मी आणून देते.