पातोडीवर आळ

आपल्याकडे कोणाचं पोट बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: काल काय खाल्लं होतं? नागपूर असो की पुणे, या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. ताप आला तर हवा बदलली म्हणतात, डोकं दुखलं तर उन्हाला नावं ठेवतात, पण पोटाचा गुन्हेगार ताटातच शोधायचा असतो. मी मेस चालवते. म्हणजे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याच स्वयंपाकघरात येणार.

आमची मेस हिंजवडीच्या मागच्या अंगाला आहे. मेस म्हणजे काय, आमचाच तळमजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये टेबलं, आत चूल-भांडी, आणि झोपायला मागची खोली. आम्ही नागपूरकडचे. यांचं इथल्या एका कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा मी पोळपाट घेतला आणि यांनी स्कूटर. हे डबे पोचवायचे, भाजी आणायचे आणि जेवायला येणाऱ्या पोरापोरींशी गप्पा मारायचे. तिन्हींत गप्पांचं काम त्यांना जास्त जमायचं.

करोनाची पहिली लाट ओसरली होती. ऑफिसं हळूहळू उघडत होती, गावी गेलेली मंडळी परत खोल्यांवर येत होती. मास्क सगळ्यांकडे होते, पण हनुवटीवर. जेवताना तर तेही खाली. गावाहून नवं तिखट आलं होतं, भिवापुरी मिरचीचं, म्हणून त्या रविवारी मी पातोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि वर तेलाची लाल तर्री. हॉल भरला होता. एकमेकांच्या ताटातल्या वड्या उचलून खाणं चाललं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

दोन-तीन दिवस गेले आणि जेवायला येणाऱ्या एका जुन्या मुलीचा मेसच्या ग्रुपवर मेसेज आला, "मावशी, लूज मोशन्स होतायत यार. संडेच्या त्या रश्श्यात काय होतं?" त्याच्याखाली दुसऱ्याचा, "सेम हिअर." मग तिसऱ्याचा. कोणाला मळमळ, कोणाची भूक मेलेली, कोणाला सारखं पळावं लागतंय. खोकला कोणालाच नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या रोगाचं नावही कोणी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता: मावशींची पातोडी. "टिफिन सध्या होल्डवर ठेवा" असे मेसेज येत राहिले, शेवटी हात जोडल्याचं चित्र. त्या जोडलेल्या हातांचा मला भयंकर राग आला.

वरच्या मजल्यावरच्या बाई नारायण पेठेतून इकडे राहायला आलेल्या. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, पोटं बिघडली म्हणे? मला वाटलं होतं, आधी जिभा भाजतील." आणि पिशवी सावरत वर गेल्या.

मी बाहेर फणफणत होते, पण आतून हलले होते. बेसन जुनं होतं का? तेलाला वास येत होता का? तिखटात कोणी काही मिसळलं असेल का? मी डबे उघडून उघडून हुंगले. तिखट माझ्या भावजयीने स्वतः कांडून आणलं होतं, तरी शेवटी सगळं कचऱ्यात ओतलं. तेव्हा रडायला आलं. माणसाच्या हाताला चव असते म्हणतात. आता माझ्या हाताला जुलाब आहेत असं सगळी गल्ली म्हणणार.

यांनी मात्र वेगळंच काढलं. दुपारी दारात खुर्ची टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ताट घेऊन जेवायला बसायचं. वरून ठेचा मागायचा. मी म्हटलं, "आत बसा ना, तमाशा कशाला?"

"दिसू दे न लोकायले," हे म्हणाले. "मी तं रोज हेच खातो. मले काही झालं काय?"

मला ते बघून धीर यायचा. अजून दोघंतिघं डबा घेत होते, ते यांच्या त्या ताटाकडे बघूनच घेत असावेत. हे जरा उतरलेले दिसत होते, पण काळजी मलाही होती, त्यांनाही असेल, असं मी धरून चालले. मागच्या खोलीत जाऊन पडायचे, त्याला मी ऊन म्हटलं.

एका दुपारी सोसायटीचा वॉचमन धावत आला. पार्किंगच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी एक संडास आहे. हे त्याच्या दारातच कोसळले होते. "काका सारखे इथेच येतात," वॉचमन म्हणाला, "मला वाटलं घरातला नळ बिघडलाय." यांना जुलाब लागले होते, उलट्या होत होत्या, आणि मला कळू नये म्हणून हे घरचा संडास सोडून पार्किंगमध्ये जात होते. दारात बसून ताटभर जेवायचं आणि जिन्यामागून जाऊन ओकायचं. मेसवालीच्या नवऱ्याचंच पोट गेलं असं कळलं असतं तर उरलेले डबेही बंद झाले असते, एवढा साधा हिशोब. डॉक्टरकडे न जाण्याचं कारणही तेच, कारण दवाखाना कोपऱ्यावरच आणि तिथे सगळे ओळखीचे.

रिक्षात यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ कोरडे पडलेले. दवाखान्यात मी डॉक्टरबाईंना हात जोडून सांगायला लागले की बेसन असं होतं, तेल तसं होतं, तिखट नवं होतं. त्यांनी यांच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, आणि मला थांबवलं.

"काय खाल्लं ते राहू द्या. कोणाबरोबर बसले होते?"

मला प्रश्नच कळला नाही. मग नाकात काडी घातली, छातीचा फोटो काढला. करोना होता, आणि छातीत उतरला होता. मी म्हटलं, अहो, पण खोकला नाही, सर्दी नाही, जुलाब आहेत फक्त. त्या म्हणाल्या, काही जणांना हा आजार आधी पोटातच दिसतो. जुलाब, मळमळ, भूक जाणं. खोकला मागून येतो, कधी येतही नाही, आणि लोक ओवा चघळत घरी बसतात.

खरं सांगते, ते ऐकून मला आधी आनंद झाला. माझ्या नवऱ्याला प्राणवायू लावत होते आणि माझ्या मनात आलं, म्हणजे पातोडी नव्हती! दुसऱ्या क्षणाला मी घाबरून यांचे पाय धरले, पण पहिला क्षण तोच होता.

मी ग्रुपवर कळवलं. सगळ्यांनी तपासण्या केल्या. रविवारी एका टेबलाला बसलेले बहुतेक पॉझिटिव्ह निघाले, ती मुलगीसुद्धा. त्यांचं घरच्या घरी निभावलं. मीही निघाले, पण माझी अंगदुखीवरच सुटका झाली. वरच्या बाईंनी दारात मऊ भाताचं पातेलं ठेवलं आणि जिन्यातूनच म्हणाल्या, "तिखट नाहीये, सांभाळून घ्या." मी घेतलं. चांगला झाला होता भात.

यांचं मात्र काही दिवस खरं नव्हतं. डॉक्टरबाई तोंडावर काही बोलत नसत, आणि ते जास्त वाईट. अंगातलं पाणी गेलेलं, त्यात श्वास पुरेना. आधी आणलं असतं तर, एवढंच एकदा म्हणाल्या.

हे वाचले. घरी आणलं तेव्हा अंगावर शर्ट लोंबत होता. भिंत धरून चालायचे. मी पेज भरवत होते आणि इतके दिवस दाबलेला राग एकदम वर आला. मी म्हटलं, "मेला असतात म्हणजे? माझ्या मेसचं काय लोणचं घालायचं होतं मला? काहून नाही सांगितलं?"

यांनी घोट गिळला. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून थांबत थांबत म्हणाले, "मले बी वाटत होतं न, तुयाच जेवणानं होऊन राहिलं म्हणून."

हे करोना लपवत नव्हते. तो यांनाही ठाऊक नव्हता. माझ्याच हातचं बाधतंय असं यांना वाटत होतं, आणि तरी रोज दारात बसून, वर ठेचा मागून, हे तेच जेवत होते.

"अजून आहे का पेज?" हे म्हणाले. मी वाटी पुढे केली.