तिसरा पुकारा

"पांडुरंग वल्द गणपत, मुक्काम अकोला, हाजिर होऽऽऽ!"

काकाजींचा डावा हात व्हरांड्याच्या खांबाला, उजवा कानामागे, आणि मान अशी ताणलेली की गळ्याच्या शिरा रस्त्यावरून दिसाव्यात. लिंबावरचे कावळे उडाले. चहाच्या टपरीवर कपबशा थरथरल्या. आत न्यायाधीशांनी लेखणी उचलून धरली होती, आणि पांडुरंग वल्द गणपत अजून बडनेऱ्याच्या फलाटावर होता, कारण अकोल्याची गाडी नेहमीच्या इमानदारीनं उशिरा आली होती. तुम्हाला खोटं वाटेल, पण काकाजींनी 'पां' म्हटलं तेव्हा तो डब्यातून उतरला, 'डु'ला त्यानं टांगा केला, 'रंग'ला टांगा राजापेठेत शिरला, आणि 'हाजिर हो'मधला 'हो' संपायच्या आत तो धापा टाकत कोर्टाच्या पायऱ्या चढला. मी स्वतः पाहिलंय. निदान शेवटची पायरी तर पाहिलीच.

माझा धंदा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्याचा. थोडं वाढवून लिहिल्याशिवाय सरकारात अर्ज कोणी वाचत नसे, तेव्हा एवढी सवय माफ करा. पुढचं मात्र मी वाढवलेलं नाही. वाढवायला त्यात जागाच नव्हती.

काकाजी अमरावतीच्या दिवाणी कोर्टात शिपाई होते. छातीवर पितळी बिल्ल्याचा पट्टा, पायात टायरच्या चपला, आणि काम एकच, पुकारा. तुम्हीही कधी कोर्टाच्या बाकावर बसला असाल तर रिवाज ठाऊक असेल. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि त्याचा दावा खारीज. पण एका पुकाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ जावा हे कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. त्या फटीत काकाजींचं राज्य होतं.

पहिला पुकारा झाला की ते फाटकापर्यंत जाऊन यायचे. दुसरा झाला की त्यांच्या चपलेचा अंगठा तुटायचा. तो अंगठा इतक्यांदा तुटला की त्यात चपलेपेक्षा जास्त खिळे असावेत. मग टपरीमागे, मुतारीत, मारुतीच्या ओट्यावर, जिथे कुठे खेड्यातला माणूस कोर्टाला भिऊन बसला असेल तिथून ते त्याला दंडाला धरून आणायचे. साहेबांनी आतून विचारलं, "आला का?" की उत्तर ठरलेलं: "येऊन राह्यला, साहेब."

एकदा पक्षकार वारल्याचं साऱ्या कोर्टाला ठाऊक होतं. तरी काकाजी म्हणाले, "येऊन राह्यला, साहेब."

"अहो, तो गेला ना?"

"त्याचा पोरगा येऊन राह्यला."

आणि खरंच आला. डोकं भादरलेला, सुतकातला.

मी विचारी, "काकाजी, काहून एवढा गळा फोडता? तुमच्या बापाचं काय जाते?" तर उत्तर दर वेळी वेगळं. कधी म्हणत, "घरी बायको वरडू देत नाही, म्हून इथं वरडतो." कधी, "सरकार पगार गळ्याचाच देते ना, बाप्पा." आणि एकदा, विडी विझवता विझवता, "माहा बाप बाहेर पानी पेत होता. तेवढ्यात त्याचं नाव होऊन गेलं." यातलं खरं कोणतं ते मी शोधलं नाही. मला वाटतं, मला ठाऊक होतं.

महाराष्ट्र राज्य नवं झालं आणि पुण्याकडचे एक न्यायाधीश आमच्याकडे बदलून आले. माणूस वाईट नव्हता. हात स्वच्छ, अक्षर स्वच्छ, टेबलावर घड्याळ. फक्त आमची बोली त्यांना भांडणासारखी ऐकू येई. "पानी पेता का, साहेब?" असं काकाजींनी मायेनं विचारलं, तरी ते दचकून मागे सरत. त्यांनी पुकाऱ्याला शिस्त लावली. तिन्ही पुकारे लागोपाठ, स्पष्ट, आणि लगेच पुढचं नाव. काकाजी 'जी साहेब' म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांच्या दोन्ही चपलांचे अंगठे तुटू लागले.

त्या कोर्टात गिर्जाबाईचा दावा होता. गिर्जाबाई माळीण, चांदूर बाजारच्या बाजूची, विधवा. नवऱ्यामागे तिला वांगी-मिरचीचा छोटा मळा राहिला आणि विहिरीत निम्मा वाटा. विहीर दिराच्या आणि तिच्या बांधावर. दीर पंचायत समितीवर निवडून आला, त्यानं विहिरीवर इंजिन बसवलं आणि इंजिनाच्या खोपटाला कुलूप लावलं. तिची पाण्याची पाळी बंद. किती उन्हाळे ती डोक्यावर हंडे वाहून मिरची जगवत होती. दावा एवढाच होता: माझ्या वाट्याचं पाणी मला द्या. ती दर तारखेला यायची, भिंतीशी उकिडवी बसायची, आणि काकाजींनी नाव घेतलं की अशी ताठ उभी राहायची जसं कोणी पदवी द्यायला बोलावलंय.

साक्षीची तारीख लागली आणि नेमका त्याच दिवशी गावात मंत्री आला.

मंत्र्याच्या सभेला माणसं लागतात, माणसांना गाड्या लागतात. तालुक्याच्या एस.टी. गाड्या सकाळीच सभेसाठी गेल्या. गिर्जाबाईचा दीर माणसं भरून घेऊन आला तो त्यातल्याच एका गाडीत. गिर्जाबाईचा वकील हार घेऊन सभेच्या मंचावर. कोर्टात हजर एकटा दिराचा वकील, कारण त्याला मंचावर जागा मिळाली नव्हती.

"गिर्जाबाई हाजिर होऽऽऽ!"

पहिला पुकारा. काकाजी फाटकापर्यंत गेले. तिथे सायकलवरून आलेल्या एका पक्षकारानं सांगितलं, बाई संत्र्याच्या ट्रकवर बसून आली, पुढं पायी आली, आणि आता नाक्यावर उभी आहे. मंत्र्याच्या मोटारी जाईपर्यंत पोलिसांनी रस्ता अडवलाय.

काकाजींनी दुसरा पुकारा नाक्याकडे तोंड करून दिला. माझ्या कानात आजही आहे तो. एरवी तो परतवाड्यापर्यंत जाऊन जेवून परत आला असता. पण त्याच वेळी सभेच्या मैदानावरचा भोंगा सुरू झाला. जनता मालक आहे आणि आम्ही सेवक, असं काहीतरी भोंगा सांगत होता, आणि त्या गर्जनेत काकाजींचा आवाज व्हरांड्याच्या पायरीवरच बसला. आयुष्यात पहिल्यांदा एकही कावळा उडाला नाही.

"तिसरा पुकारा," साहेब म्हणाले.

"बाई नाक्यावर हाय, साहेब. पोलिसाइनं अडवली."

"तुम्ही पाहिलीत?"

"नाही, साहेब. सायकलवाल्यानं पाह्यली."

"मग पुकारा करा."

"त्या भोंग्यात काय आयकू जाईन, साहेब? भोंगा तं बंद होऊ द्या."

"भोंगा माझ्या अधिकारात नाही."

काकाजींनी छातीवरचा पट्टा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "मंग मी बी नाही पुकारत."

कोर्टात इतकं शांत झालं की भोंग्याचा शब्द न् शब्द कळू लागला. दिराच्या वकिलानं घड्याळाकडे पाहिलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी शेजारच्या कोर्टाचा शिपाई बोलावला. त्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि चौकटीतूनच, कोणाला उठवायचं नाही अशा आवाजात, म्हटलं, "गिर्जाबाई." झालं. दावा खारीज.

ती आली तेव्हा साहेब पुढच्या दाव्यावर होते. पायांना गुडघ्यापर्यंत धूळ, साक्षीचे कागद पदराच्या गाठीत.

"माहं नाव झालं का, काकाजी?"

"झालं."

तिनं भिंतीला हात टेकला. काकाजी घाईघाईनं म्हणाले, "पन म्या नाही पुकारलं, बाई."

"कोनी बी पुकारलं तं काय," ती म्हणाली आणि आपल्या रोजच्या जागी उकिडवी बसली. जायचं कुठे, गाड्या संध्याकाळपर्यंत सभेतच होत्या.

दावा पुन्हा उघडा, असा अर्ज मी लिहून दिला. एकही शब्द न वाढवता लिहिलेला माझा तो पहिला अर्ज. गाड्या नव्हत्या याचा पुरावा आणा, असं कोर्टानं सांगितलं. काकाजी स्वतः डेपोत गेले. तिथला बाबू म्हणाला, "नव्हत्या कशा? वेळेवर सुटल्या."

"कुठं सुटल्या?"

"ते नका विचारू. सुटल्या ना?"

तसंच त्यानं लिहून दिलं. पोलीस म्हणाले, नाक्यावर कोणाला अडवलं नाही, फक्त बंदोबस्त होता. गिर्जाबाईचा वकील माझ्या अंगावर आला: "अरे, तारखा रोज पडतात. मंत्री रोज येते का?" आणि मंत्री तर बिचारे निर्दोष. काचा वर करून गेले, त्यांना कुठे काय दिसलं? सगळ्यांची कामं चोख होती. अर्ज नामंजूर झाला.

काकाजींना हुकूम न मानल्याबद्दल खुलासा मागितला. मी म्हटलं, "घसा बसला होता असं लिहितो. नोकरी वाचेल."

"माहा गळा चांगला होता," ते म्हणाले. "तसंच लिहा."

नोकरी गेली नाही, गळा गेला. त्यांना रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. जुन्या दाव्यांच्या गठ्ठ्यांची धूळ, एक झरोका, आणि बोलायला कोणी नाही. ते मधून मधून माझ्याजवळ येऊन बसत. व्हरांड्यात पुकारा झाला की मान अर्धी वर जाई आणि खोकला येई. नवा शिपाई तिन्ही पुकारे एका श्वासात करायचा, फाटकाकडे पाहायचाही नाही. काकाजी त्याला कधी काही बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "याची चप्पल लई मजबूत हाय."

पावसाळ्यानंतर ते कामावर आले नाहीत. थोड्या दिवसांनी पट्टा घरून परत मागवला गेला, तेव्हा आम्हाला ते गेल्याचं कळलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गिर्जाबाई लिंबाखाली आली. हातात पिशवी, पिशवीत वांगी. "काकाजीइले द्याची हायत," म्हणाली. मी सांगितलं. तिनं व्हरांड्याच्या खांबाकडे पाहिलं. मग पिशवी माझ्याजवळ ठेवली आणि त्यांच्या घरी पोचवायला सांगितलं.

वांगी काळीभोर, टवटवीत होती. मला उगाच बरं वाटलं. म्हटलं, "पाणी भेटलं म्हणायचं, बाई!"

"मळा तं वाळला," ती म्हणाली. "देराच्या मळ्यात रोजानं जातो. तिथं पानी हाय."