सोफ्यातली पाच पिल्लं

सोफ्याचं दुकान मूळचं काकूंच्या सासऱ्यांचं. मुलाला एक खिळा सरळ ठोकता येत नाही हे पाहून त्यांनी दाभण सुनेच्या हाती दिला. गेली तीस वर्षं काकू सोफ्या-खुर्च्यांच्या पोटात हात घालून स्प्रिंगा आवळतायत. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. चुकली ती एकदाच, दातांच्या डॉक्टरांच्या सोफ्यापायी.

डॉक्टरांच्या दवाखान्यातला तिघांचा सोफा दुरुस्तीला आला होता. काकूंनी त्याचं खालचं कापड फाडून ठेवलं आणि दोन दिवस दुसऱ्या कामात अडकल्या. तेवढ्यात गल्लीतली ठिपकी नावाची कुत्री आत शिरली आणि सोफ्याच्या पोकळीत, जुन्या कापसावर व्याली. पाच पिल्लं. काकूंनी ती उचलून खोक्यात ठेवून पाहिली. ठिपकीने एकेकाला मानेला धरून परत सोफ्यात नेलं.

डॉक्टर सोफा न्यायला आले ते हे बघून थक्कच झाले.

"काकू, माझे पेशंट उभे राहतायत हो!"

"उभं राहून दातदुखी थोडीच वाढते? बाळंतीण आहे ती. दोन महिने तरी हलवायची नाही."

डॉक्टर तणतणत गेले. पण चार दिवसांनी 'काम कुठवर आलं' विचारायला आले आणि वाकून पिल्लंच बघत बसले. मग येतच राहिले. पांढऱ्या पंजांच्या एका पिल्लाने त्यांच्या बुटाची नाडी ओढली आणि गडी विरघळला.

"हे मला द्या. आत्ताच. लहानपणी नेलं की लळा लागतो."

पिल्लं जेमतेम पाच आठवड्यांची होती. जनावरांच्या डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं, आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय एकही आईपासून तोडू नका. काकूंना ते पटलंही होतं. पण सोफा रखडला होता त्यांच्याच हातून, आणि भीड पडली. त्यांनी पिल्लू दिलं. त्या संध्याकाळी ठिपकी दुकानाच्या दारापर्यंत चार-चार वेळा जाऊन आली, तेव्हा काकूंना तिच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी डॉक्टर हजर. बोटांना तीन पट्ट्या, काखेत पिल्लू.

"खात नाही, सारखं रडतं, आणि चावतं तर असं! काकू, तोंडात हात घालायचा माझा धंदा, पण आजवर एक पेशंट असा चावला नाही."

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "किती जोरात चावायचं हे त्याला अजून कुणी शिकवलंच नाही. द्या इकडे."

ठिपकीने त्याला हुंगलं, गुरगुरली, मग चाटून काढलं. पुढचे दिवस डॉक्टर दुपारच्या सुट्टीत स्टुलावर बसून त्याची शाळा बघायचे. पांढऱ्या पंजेवाल्याने भावाचा कान दातांत जोरात धरला की भाऊ केकाटायचा आणि खेळ सोडून निघून जायचा. आईला चावला तर ती त्याला पंजाखाली दाबून ठेवायची. हळूहळू त्याचे दात मऊ लागायला लागले. दुधात भिजवलेला पाव तो मिटक्या मारत खाऊ लागला. पिल्लं लुचायला आली की आता ठिपकीच अंग झटकून उठायची.

"बघितलंत? आता तीच कंटाळलीय," काकू म्हणाल्या.

आठवा आठवडा उलटला, पहिली लस टोचून झाली, तेव्हा डॉक्टर त्याला परत घेऊन गेले. काकूंनी सोबत ठिपकीच्या अंगाखालचा फडका दिला, वासाला. या वेळी तो पहिल्या रात्री थोडा कुरकुरला आणि झोपला. आठवड्याभरात सोफाही गेला. बाकीच्यांतली तीन पिल्लं ओळखीच्या घरी पोचली.

उरलं एक, सगळ्यांत बारकं. ते दिवसभर काकूंच्या पायापाशी लोळायचं आणि कापसाचे गोळे पळवायचं. पोस्टातल्या बाईंना ते फार आवडलं.

"किती आठवड्यांचं आहे हो?" त्यांनी विचारलं.

पिल्लाला तीन महिने पुरे झाले होते. काकूंचे यजमान कोपऱ्यात चहा पीत होते, ते हसू दाबत बायकोकडे बघत राहिले.

काकूंनी दोऱ्याला गाठ मारली. मान वर न करता म्हणाल्या, "लहान आहे अजून. एवढ्यात नाही देता यायचं."